अवघड जागेचे दुखणे : विनयपिटक आणि मूळव्याधीनंतरची शुश्रूषा

मूळव्याधीची शस्त्रक्रिया ठरलेल्या माणसाला शस्त्राचे भय वाटते ते त्या दिवसापुरते. शस्त्रक्रिया आटोपली की त्याचे सारे लक्ष एकाच गोष्टीकडे लागते, आणि ती म्हणजे पहिले शौच. हाताची जखम बांधून ठेवता येते, पायाच्या जखमेला विश्रांती देता येते. गुदद्वाराची जखम मात्र रोजच्या वाटेवरची जखम असते आणि ती वाट बंद ठेवण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. प्राचीन भारतीय वाङ्मयात हा विचार ज्या ग्रंथांनी स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवला, त्यांत पालि विनयपिटकाची गणना करावी लागते.

विनयपिटकाकडे आपण बहुधा शिस्तीचा ग्रंथ म्हणून पाहतो. धर्मानंद कोसंबींनी 'बौद्धसंघाचा परिचय' लिहून संघाचे नियम मराठी वाचकांपुढे ठेवले. परंतु त्या नियमांत आजारी देहाची, विशेषतः मलविसर्जनाची, किती बारकाईने चिंता वाहिलेली आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. विषय सभ्य मानला जात नाही, हे त्याचे एक कारण असावे. आणि नेमक्या याच संकोचापायी आपल्या घराघरांतून हे दुखणे वर्षानुवर्षे लपवले जाते, रक्त जाऊन अंगात पांडुरता येईपर्यंत सोसले जाते. म्हणून संकोच बाजूस ठेवून या विषयाची ऐतिहासिक मांडणी करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रारंभी शब्दांचा खुलासा करू. अंगुत्तरनिकायातील गिरिमानन्दसुत्तात देहाला होणाऱ्या रोगांची जी लांब यादी आहे, तीत 'अंसा' म्हणजे मूळव्याध आणि 'भगन्दला' म्हणजे भगंदर हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे येतात. म्हणजे हे दोन विकार वेगळे आहेत, याची जाणीव पालि वाङ्मयाला होती. विनयातील ज्या प्रसंगाचा आपण विचार करणार आहोत तो भगंदराचा आहे. परंतु त्यातून निघालेला नियम रोगावर नव्हे, तर जागेवर बेतलेला असल्यामुळे मूळव्याधीलाही तो सारखाच लागू पडतो.

महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात हा प्रसंग येतो. भगवान बुद्ध राजगृहात वेळुवनातील कलन्दकनिवापात विहार करीत होते. एका भिक्खूला भगंदर झाले होते आणि आकासगोत्त नावाचा वैद्य त्याच्यावर शस्त्रकर्म करीत होता. विहारातील निवासस्थाने पाहत पाहत भगवंत तेथे आले. त्यांना दुरून पाहताच वैद्याने हाक मारली आणि या भिक्खूचे गुदद्वार पाहा, ते घोरपडीच्या तोंडासारखे झाले आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. भगवंत काहीही न बोलता तेथूनच परतले, भिक्खुसंघ एकत्र केला, अमुक विहारात कोणी आजारी आहे काय, त्याला काय झाले आहे, वैद्य काय करतो आहे, याची चौकशी केली, आणि त्या जागी शस्त्रकर्म करविणाऱ्यास थुल्लच्चय हा गंभीर दोष लागेल, असा नियम घालून दिला. पुढे छब्बग्गिय भिक्खूंनी शस्त्र वर्ज्य म्हणून बस्तिकर्माची पळवाट काढली, तेव्हा त्या जागेच्या सभोवती दोन अंगुळांपर्यंत शस्त्रकर्म आणि बस्तिकर्म दोन्ही करू नये, असा नियमाचा विस्तार झाला.

वैद्याच्या असभ्य बोलण्याने भगवंत रुष्ट झाले आणि त्या रोषातून हा नियम जन्मला, असे कोणी म्हणू शकेल. वैद्य आपला उपहास करीत आहे, असे भगवंतांना वाटल्याचे मूळ पाठात आहेच. वेदनेत असलेल्या रुग्णाचा उघडा देह असा प्रदर्शनाला मांडणे ही गोष्ट कोणाही संवेदनशील मनाला रुचणार नाही. तथापि नियमाची कारणे म्हणून जे सांगितले आहे, त्यात रोषाचा लवलेश नाही. तीन कारणे दिली आहेत : त्या जागेची त्वचा नाजूक असते, तेथील जखम भरून येणे कठीण असते, आणि तेथे शस्त्र चालवणे अवघड असते. ती जागा अपवित्र आहे असे चौथे कारण कोठेही नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. त्या जागेसाठी योजलेला शब्द 'सम्बाध' असा आहे. त्याचा मूळ अर्थ अरुंद, अडचणीची जागा. मराठीत आपण 'अवघड जागेचे दुखणे' म्हणतो, तोच हा शब्द.

शस्त्रकर्माला एकूणच विरोध होता असेही नाही. याच खन्धकात गळवावर शस्त्रकर्म करण्यास स्पष्ट अनुमती आहे, आणि त्यानंतरच्या शुश्रूषेचा क्रमच्या क्रम दिलेला आहे : तुरट काढ्याचे पाणी, तिळाचा कल्क, पोटीस, जखम बांधण्याचे वस्त्र, खाज सुटल्यास मोहरीची पूड, जखम चिघळल्यास धुरी, वाढलेले मांस काढण्यासाठी मिठाचा खडा, व्रणतेल, आणि तेल ओघळू लागल्यास ते टिपणारी पट्टी. जखमेच्या शुश्रूषेची इतकी सविस्तर माहिती असलेली परंपरा एका विशिष्ट जागी शस्त्र नको म्हणते, तेव्हा तेथे शुश्रूषा अपुरी पडते हे तिने पाहिलेले असले पाहिजे.

आता या तीन कारणांचे पुढे काय झाले ते पाहावे. 1846 मध्ये बोस्टन येथे ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया झाली. 1867 मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धतीची मांडणी प्रसिद्ध केली. नाजूक त्वचेची वेदना आणि शस्त्र चालविण्याची अडचण ही दोन कारणे या शोधांनी बरीचशी निष्प्रभ केली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 मध्ये मूळव्याधीचे मोड कापून काढण्याची जी पद्धत वर्णन केली, ती आजही जगभर वापरली जाते. परंतु या पद्धतीत जखमा न शिवता उघड्या ठेवल्या जातात आणि त्या आतून हळूहळू भरत येण्यास काही आठवडे लागतात. म्हणजे जखम भरून येणे कठीण, हे मधले कारण अडीच हजार वर्षांनंतरही आपल्या जागी उभे आहे. शल्यचिकित्सकाचे काम अर्ध्या-पाऊण तासात संपते. उरलेले काम रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी आणि त्याच्या स्वयंपाकघराने करावयाचे असते. इतिहासाचा धागा आम्हांस येथे सापडतो. ज्या प्रश्नापाशी विनयाने शस्त्र थांबवले, त्या प्रश्नाची उत्तरे विनयातच इतरत्र विखुरलेली आहेत. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेसाठी म्हणून ती सांगितलेली नाहीत, हे ध्यानी ठेवूनच ती वाचली पाहिजेत.

चुल्लवग्गात शौचकूपाची, म्हणजे 'वच्चकुटी'ची रचना टप्प्याटप्प्याने घडत जाते. आधी खड्डा, त्याच्या कडा ढासळतात म्हणून विटा, दगड किंवा लाकूड यांनी बांधणी, वर आच्छादन व मध्ये छिद्र, बसताना भिक्खूंना त्रास होतो म्हणून पाय ठेवण्यास 'वच्चपादुका'. वार्धक्याने दुर्बल झालेला एक भिक्खू शौचाहून उठताना पडला, तेव्हा धरून उठण्यासाठी 'ओलम्बक' म्हणजे लोंबता आधार लावण्यास अनुमती मिळाली. आजच्या रुग्णालयांतील शौचालयांत भिंतीला लावलेली पकड दिसते, तिचे हे पूर्वरूपच म्हणावे. मूळव्याधीचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत भोवळ येऊन पडतो तो बहुधा येथेच, हे परिचारिकांना चांगले माहीत असते.

वत्तक्खन्धकात शौचकूपाच्या वर्तनाचे नियम आहेत. त्यांतील एक नियम सामाजिक दृष्टीने विलक्षण आहे. शौचालाही भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने जात असत. आधी येऊन थांबलेले तरुण भिक्खू ज्येष्ठांची वाट पाहत वेग आवरून धरीत आणि शेवटी मूर्च्छित होऊन पडत. हे कळल्यावर भगवंतांनी ज्येष्ठतेचा क्रम तेथे रद्द केला आणि जो आधी येईल त्याने आधी जावे, असा नियम केला. ज्या संघात वंदन, आसन आणि भोजन यांत ज्येष्ठता कटाक्षाने पाळली जाई, त्या संघात देहाच्या वेगापुढे ती मागे घेतली गेली. मलाचा वेग रोखून धरला की मल आतच कोरडा होतो, कठीण होतो, आणि पुढच्या वेळी जखम फाडीत बाहेर पडतो. वेदनेच्या भयाने रोखणे, रोखल्याने कठीण होणे आणि कठीण झाल्याने वेदना वाढणे, या फेऱ्यात शस्त्रक्रिया झालेले असंख्य रुग्ण सापडतात. आपल्या एकत्र कुटुंबांत, चाळींतील सामाईक शौचालयांत आणि विहारांच्या शिबिरांत आजारी माणसाला रांगेत पुढे घेण्याचे भान किती ठिकाणी ठेवले जाते, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

कुंथत, कण्हत शौच करू नये, खरखरीत काष्ठाने पुसू नये, हेही त्याच नियमांत आहे. आजचा शल्यचिकित्सक रुग्णाला घरी सोडताना हेच सांगतो : जोर करू नका, फार वेळ बसून राहू नका, कोरड्या कागदाने घासू नका, पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा.

पाण्याने धुण्याच्या नियमाची उत्पत्तिकथा तर आपल्या वाचकांनी आवर्जून वाचावी अशी आहे. ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर पाणी घेत नसे. हे घाणेरडे कोण शिवणार, असे त्याचे म्हणणे. आणि त्या घाणीला विशेषण म्हणून त्याने जो शब्द योजला तो 'वसल' हा होता. समाज ज्यांना हीन मानी त्यांना उद्देशून वापरला जाणारा हा शब्द स्वतःच्याच देहातील मलाला लावण्यापर्यंत त्या भिक्खूची जातिदृष्टी पोहोचली होती. परिणामी त्याच्या गुदद्वारात किडे झाले. पाणी उपलब्ध असता शौचानंतर स्वच्छता न करणे हा दोष मानावा, असा नियम त्यावरून झाला. सोवळ्याच्या कल्पनेने अस्वच्छता आणि रोग कसे निपजतात, याचे इतके थेट उदाहरण प्राचीन वाङ्मयात आम्हांस दुसरे आठवत नाही.

लज्जेची कथाही विनयात आहे, आणि ती राजाची आहे. मगधराज बिम्बिसाराला भगंदर झाले होते. त्याची वस्त्रे रक्ताने माखत आणि ती पाहून राण्या थट्टा करीत की महाराजांना आता ऋतू येऊ लागला, लवकरच प्रसूतीही होईल. राजा ओशाळून गेला. मग जीवक कोमारभच्चाने नखात औषध नेऊन एकाच लेपाने त्याला बरे केले, असे कथा सांगते. एका लेपात भगंदर बरे होते यावर आजचा वैद्य विश्वास ठेवणार नाही, आणि आम्हीही तसा आग्रह धरीत नाही. परंतु रक्त दिसत असता थट्टेच्या भयाने गप्प राहणारा रुग्ण खोटा नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो राजा आजच्या बैठ्या नोकरीतील कारकुनापेक्षा वेगळा नव्हता.

आहाराच्या बाबतीत विनय अधिकच उदार आहे. अन्धकविन्द येथे एका ब्राह्मणाने संघाला पेज दिली, त्या प्रसंगी पेजेचे दहा गुण सांगितले गेले. त्यांत वाताचे अनुलोमन करणे, बस्ती शुद्ध करणे आणि न पचलेले शेष पचवणे हे तीन गुण पोटाशी संबंधित आहेत. पचनेंद्रिय बिघडलेल्या भिक्खूला क्षारयुक्त पाणी पाजण्यास, आणि देहात दोष साचलेल्यास रेच देण्यास अनुमती आहे. रेचाच्या नोंदीपाठोपाठ पेजेवरचे निवळ पाणी, तेल-तुपाविना केलेले मुगाचे कढण यांचा उल्लेख येतो. रेच देऊन रुग्णाला तसाच सोडलेला नाही, हे यातून दिसते. भगवंतांना स्वतःला रेच देण्यापूर्वी जीवकाने काही दिवस त्यांचा देह स्नेहाने मऊ करविला होता. हिरडा, बेहडा आणि आवळा ही तिन्ही फळे संघाला औषध म्हणून कायम जवळ बाळगता येत. जुन्नरच्या लेण्यांभोवतीच्या डोंगरांतून आदिवासी बांधव आजही बाळहिरडा गोळा करतात. लेण्यांतील भिक्खूंच्या पिशवीत तो असणे अशक्य नाही. आज डॉक्टर देतात ते इसबगोल मात्र पालि ग्रंथांत नाही. तो शब्दच मुळी फारसीतून आला आहे.

उष्ण पाण्याचा शेक हे आणखी एक साम्य. वाताच्या विकारावर 'उदककोट्ठक', म्हणजे पाण्याने भरलेल्या पात्रात बसण्याची अनुमती भेसज्जक्खन्धकात आहे. ती मूळव्याधीसाठी नव्हती. परंतु पात्रात बसून देहाला शेक देण्याची पद्धत संघाला परिचित होती, एवढे निश्चित. श्रीलंकेत मिहिन्तले येथील नवव्या शतकातील विहार-रुग्णालयाच्या अवशेषांत मानवी देहाच्या आकारात कोरलेली दगडी औषधद्रोणी आजही पाहावयास मिळते.

पाचव्या शतकात बुद्धघोषांनी 'समन्तपासादिका' लिहिली, तेव्हा दोन अंगुळांच्या नियमाचा अर्थ लावताना त्यांनी शस्त्र, सुई, काटा, इतकेच काय नखानेही कापणे निषिद्ध ठरवले. परंतु क्षार लावणे आणि दोरीने बांधणे यांस मात्र अनुमती असल्याचे सांगितले. बांधल्याने ते आपोआप तुटून पडले तर उत्तमच. गुदमार्गात औषध माखलेली वात किंवा वेळूची नळी घालून तेल सोडण्यासही हरकत घेतलेली नाही. हा अर्थ मूळ नियमाला मुरड घालणारा नाही, तर त्याचा हेतू नीट ओळखणारा आहे, असे आमचे मत आहे. सुश्रुतानेही मूळव्याधीवर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी 1960 च्या दशकात क्षारसूत्राची पद्धत पुन्हा प्रचारात आणली, आणि 1963 मध्ये अमेरिकेत बॅरन यांनी मोडाच्या मुळाशी रबरी कडे बसवून तो सुकवून पाडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. यांपैकी कोणी समन्तपासादिका वाचली होती असे आम्हांस सुचवावयाचे नाही. जखम लहान ठेवावी, ही गरज सर्वांना सारखीच जाणवली, इतकेच.

या इतिहासाला एक दुसरी वाटही फुटली, आणि तिच्याविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चिनी भिक्खू इत्सिंग सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आला, नालंदेत राहिला, आणि भारतीय भिक्खूंच्या शौचविधीवर त्याने एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. माती कशी घ्यावी, पाणी कसे घ्यावे, हात कसे धुवावेत, हे सारे त्याने तपशिलाने नोंदवले. आणि याच इत्सिंगने 710 मध्ये मूळव्याध बरी करणाऱ्या एका सूत्राचे चिनी भाषांतर केले. ते सूत्रही राजगृहाच्या वेळुवनातच घडते. पुष्कळ भिक्खू मूळव्याधीने कृश व त्रस्त झाले आहेत, आनंद ही गोष्ट भगवंतांच्या कानावर घालतो. परंतु येथे पेज नाही, शेक नाही, नियम नाही. येथे एक धारणी दिली जाते, आणि तिच्या पठणाने मोड सुकून गळून पडतील असे आश्वासन दिले जाते. ज्या बागेत विनयाच्या भगवंतांनी आजारी भिक्खूची चौकशी करून जखमेची कारणे सांगितली, त्याच बागेत हजारेक वर्षांनी मंत्र ऐकू येतो. वेदनेने हैराण झालेल्या माणसाने पठणाचा आधार शोधला, हे आम्ही समजू शकतो. मात्र प्रश्न उपचाराचा असेल तर विनयाची वाट सोडून धारणीची वाट धरणे ही अधोगतीच होती, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावे लागते. आजही लेप, ताईत आणि 'एका इंजेक्शनात मूळव्याध मुळासकट' अशा भिंतीवरच्या जाहिरातींनी आपल्या वस्त्यांतील गरीब माणूस नाडला जातो.

आता वर्तमानाकडे वळू. शस्त्रक्रियेनंतर पहिले शौच बहुधा दोन-तीन दिवसांत होते, आणि त्या वेळी थोडे रक्त दिसणे स्वाभाविक असते. वेदनाशामकांपैकी अफूवर्गीय औषधे बद्धकोष्ठ करतात, म्हणून डॉक्टर सोबत मल मऊ ठेवणारे औषध देतात. वेदना कमी झाली म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये. इसबगोल घ्यावयाचे तर भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे; पाणी कमी पडल्यास तेच मल अडवू शकते. जेवणात चोथा असावा. कमोड वापरणाऱ्याने पायांखाली लहान पाट घेतल्यास वच्चपादुकेचे काम होते. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने गुदद्वाराच्या स्नायूंची आवळ सैल होते. पहिल्या दिवसांत लघवी अडली, ताप आला, किंवा गाठी पडून रक्त वाहू लागले तर घरी उपाय करीत बसू नये. असा रक्तस्राव कधी कधी आठवडा-दहा दिवसांनीही होतो, आणि तोपर्यंत रुग्ण निर्धास्त झालेला असतो.

दोन अंगुळांचा नियम भिक्खूंसाठी आहे. उपासक-उपासिकांना तो लागू नाही, आणि त्याचा आधार घेऊन कोणी आवश्यक शस्त्रक्रिया टाळू नये. भिक्खूंच्या बाबतीत निर्णय संघाचा आहे. पालीचे अभ्यासक म्हणून आम्ही एवढेच नमूद करतो की नियमाबरोबर त्याची कारणेही जपून ठेवलेली आहेत, आणि कारणे दिलेला नियम त्या कारणांसह वाचावयाचा असतो.

उरतो उपोसथाचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात अष्टशील घेतलेल्या उपासकाने दुपारनंतर इसबगोल किंवा औषध घ्यावे काय? संघालाच औषध आणि पेय यांच्या वेगळ्या सवलती होत्या, हे पाहता औषध म्हणून घेतलेल्या वस्तूने शील मोडते असे आम्हांस वाटत नाही. पाण्यावर तर मुळात बंधनच नाही; ते त्या दिवशी कमी न करता उलट अधिक प्यावे. ध्यानासाठी कठीण जमिनीवर तासन् तास मांडी घालून बसण्याऐवजी या काळात मऊ आसनावर थोडा वेळ बसावे, मधून मधून उठून चंक्रमण करावे. चंक्रमणाचे जे पाच लाभ अंगुत्तरनिकायात सांगितले आहेत, त्यांत खाल्लेले-प्यालेले नीट पचते हाही एक आहे.